रद्द झालेल्या फेरीची खबर थांब्याला कधी मिळणार?

माननीय संपादक,

स. न. वि. वि.

२०२५ या एकाच वर्षात राज्यातील बसप्रवास तीन ठिकाणी महागला. जानेवारीच्या अखेरीस एसटीचे भाडे १४.९५ टक्क्यांनी वाढले, मे महिन्यात मुंबईच्या बेस्टने साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपयांवर आणि वातानुकूलित बसचे ६ वरून १२ रुपयांवर नेले आणि १ जूनपासून पुण्याच्या पीएमपीचे किमान भाडेही ५ वरून १० रुपये झाले. या वाढीवर पुष्कळ लिहून आले आणि त्यातला बहुतेक सूर निषेधाचा होता. मला त्या सुरात सूर मिसळायचा नाही. इंधन, सुटे भाग आणि पगार यांचा खर्च दर वर्षी चढत असताना निवडणुकांच्या धास्तीने भाडे वर्षानुवर्षे गोठवून ठेवायचे आणि मग एका रात्रीत दुप्पट करायचे, या रीतीबद्दल आक्षेप जरूर आहे. पण बस चालवायला पैसे लागतात आणि त्यातला काही वाटा प्रवाशाने उचलायला हवा, हे मला मान्य आहे. प्रश्न इतकाच, की वाढीव भाड्याच्या मोबदल्यात प्रवाशाला नेमके काय मिळणार, हे कोणत्याच परिवहन संस्थेने सांगितलेले नाही.

मी राज्यातील एका महापालिका शहरात राहते आणि नोकरीच्या निमित्ताने गेली अनेक वर्षे तिथल्या शहर बससेवेची मासिक पासधारक आहे. शहराचे आणि संस्थेचे नाव मुद्दाम लिहीत नाही. एक तर माझी तक्रार कोणा एका आगारापुरती किंवा अधिकाऱ्यापुरती नाही. दुसरे असे, की नाव छापून आले की त्या संस्थेचा जनसंपर्क अधिकारी दोन परिच्छेदांचा खुलासा पाठवतो, बाकीच्या शहरांतले अधिकारी निर्धास्त होतात आणि विषय तिथेच मिटतो.

फेरी रद्द होणे मी समजू शकते. गाडी बिघडते, चालक अचानक रजेवर जातो, विजेवरच्या बसचे चार्जिंग पूर्ण झालेले नसते, पावसाळ्यात पुलाखाली पाणी तुंबते. यांतल्या काही गोष्टी टाळता येतील, काही येणार नाहीत. समजत नाही ते हे, की फेरी रद्द झाल्याचे ठाऊक असूनही ते थांब्यावरच्या माणसाला सांगण्याची जबाबदारी या व्यवस्थेत कोणावरच कशी नाही.

आमच्या मार्गाच्या सुरुवातीच्या स्थानकात वाहतूक नियंत्रकाची पत्र्याची केबिन आहे. आत टेबलावर रेघा आखलेली एक लांबट वही असते. तीत गाडीचा क्रमांक, वाहकाचा बिल्ला क्रमांक, सुटण्याची ठरलेली वेळ आणि प्रत्यक्ष सुटल्याची वेळ असे रकाने असतात. आगारातून फोन आला, की नियंत्रक त्या फेरीच्या ओळीवर लाल पेनाने आडवी रेघ ओढतात आणि शेरा लिहितात : ‘गाडी नाही’ किंवा ‘चालक नाही’. सकाळी नऊच्या सुमारास सुटणाऱ्या फेरीवर ही रेघ पुष्कळदा साडेआठलाच पडलेली असते. केबिनच्या खिडकीच्या गजांतून वही सहज वाचता येते, आणि हे ठाऊक असलेले आम्ही काही जुने प्रवासी आल्याबरोबर आधी वही बघतो आणि मग रांगेत उभे राहायचे की रिक्षाकडे वळायचे ते ठरवतो. बाहेर शेडखाली मात्र त्याच फेरीची वाट पाहत तीस-चाळीस माणसे उभी असतात. त्यांच्यापैकी कोणी विचारलेच, तर मान वर न करता ‘येईल, येईल’ असे उत्तर मिळते. पुढच्या थांब्यांवर उभ्या असलेल्यांना तर विचारायलाही कोणी नसते. दूधवालासुद्धा उद्या खाडा असेल तर आज सांगून जातो.

यावर अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असे, की आता मोबाइलवर ॲप आहे. ॲप आहे हे खरे. त्यात माझ्या मार्गाची बस चार मिनिटांवर दिसते, मग दोन मिनिटांवर, मग एका मिनिटावर, आणि मग ती ओळच नाहीशी होऊन तिच्या जागी पुढच्या फेरीची सव्वीस मिनिटे उमटतात. कारण बस रस्त्यावर आलेलीच नसते आणि ॲप बिचारे वेळापत्रकातली वेळ मोजत बसलेले असते. हे तांत्रिक अडचणीमुळे घडते, असे मानायला मी तयार नाही. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी झालेल्या नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांमध्ये, त्यातून रिक्षा वगळता, गाडी कुठे आहे हे कळवणारे यंत्र आणि आपत्कालीन बटण बसवणे केंद्राच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. बहुतेक परिवहन संस्थांच्या नियंत्रण कक्षात भिंतभर पडदे लागलेले आहेत आणि पाहुण्यांना ते कौतुकाने दाखवलेही जातात. कोणती बस आगाराच्या फाटकाबाहेर पडलीच नाही, हे त्या पडद्यावर दिसत नसेल, तर तो पडदा कशासाठी? आणि दिसत असेल, तर ती माहिती ॲपमध्ये एका ओळीने का येत नाही?

दुसरी गोष्ट एकामागोमाग येणाऱ्या बसची. अर्धा-पाऊण तास एकही बस नाही आणि मग एकाच क्रमांकाच्या तीन बस शेपटीला शेपटी लावून येतात, हा अनुभव न घेतलेला प्रवासी महाराष्ट्रात सापडणार नाही. चालक मंडळी मुद्दाम गप्पा मारत एकत्र निघतात, अशी आमच्या थांब्यावर सर्वमान्य समजूत आहे. ती बहुतांशी चुकीची आहे. एखादी बस सिग्नलला दोन-तीन मिनिटे अडकली, की पुढच्या थांब्यावर तोवर जास्त माणसे जमलेली असतात. ती चढायला जास्त वेळ लागतो, त्यामुळे बस आणखी मागे पडते आणि त्याच्या पुढच्या थांब्यावर त्याहून जास्त माणसे भेटतात. तिच्यामागून येणाऱ्या बसला मात्र नुकतेच रिकामे झालेले थांबे लागतात, म्हणून ती भराभर पुढे सरकते आणि पहिलीला गाठते. मार्ग जितका लांब आणि रस्ता जितका कोंडलेला, तितके हे हमखास घडते. यावरचा उपाय जगभर ठाऊक आहे आणि फुकटचा आहे : मार्गाच्या मध्यावर एका थांब्यावर नियंत्रक ठेवावा, त्याने घाईने पुढे आलेल्या बसला दोन-तीन मिनिटे रोखून धरावे आणि मगच सोडावे. आमच्याकडे पूर्वी अशी नोंद करणारा माणूस मधल्या चौकात उभा असायचा. आता यंत्र आले म्हणून ती जागा रद्द झाली, आणि यंत्राकडे बघणाराही कोणी नेमला गेला नाही.

याचा हिशेब कागदावर दिसत नाही, म्हणून तो इथे मांडते. तासाला चार फेऱ्या दर पंधरा मिनिटांनी नीट अंतर राखून धावल्या, तर थांब्यावर केव्हाही आलेल्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटे थांबावे लागते. त्याच चार फेऱ्या दोन-दोनच्या जोडीने अर्ध्या तासाने येऊ लागल्या, तर सरासरी पंधरा मिनिटे. गाड्या तेवढ्याच, चालक तेवढेच, जळलेले डिझेल तेवढेच; प्रवाशाची ताटकळ दुप्पट. परिवहन संस्थेच्या मासिक अहवालात दोन्ही वेळी ‘१०० टक्के फेऱ्या पूर्ण’ असेच लिहिले जाणार. किती किलोमीटर बस धावली हे मोजायचे, प्रवासी किती वेळ उभा राहिला हे मोजायचेच नाही, या हिशेबपद्धतीतच बरेच काही आले.

किलोमीटरचा विषय निघालाच आहे म्हणून ठेक्याच्या गाड्यांबद्दल थोडे. आता अनेक शहरांत निम्म्याहून अधिक बस खासगी ठेकेदाराच्या असतात. बस आणि चालक त्याचा, वाहक संस्थेचा, आणि ठेकेदाराला पैसे मिळतात ते धावलेल्या किलोमीटरमागे. बसमध्ये पाच माणसे असोत की पंचाहत्तर, त्याच्या बिलात फरक पडत नाही. मग थांब्यावर हात करणारी वृद्ध बाई दिसूनही बस पुढे निघून गेली, तर त्यात चालकाचा काही तोटा नसतो; उलट फेरी वेळेत पूर्ण झाल्याचे समाधानच असते. करारात थांबा चुकवल्याबद्दल दंडाची कलमे असतात, हे मला ठाऊक आहे. ती अमलात आणायची तर थांबा चुकवल्याची नोंद कोणी करायची? वाहकाला विचारले, तर तो म्हणतो, चालक माझे ऐकत नाही, तो ठेक्याचा आहे. चालकाला विचारले, तर तो म्हणतो, डबल बेल वाहकाने दिली. दोघेही खरे बोलत असतात, हीच यातली अडचण आहे.

बस थांबली तरी ती थांब्यावर थांबत नाही, याला मात्र केवळ परिवहन संस्थेला दोष देता येणार नाही. थांब्याच्या शेडसमोर रिक्षा उभ्या, त्यांच्यापुढे भाजीची हातगाडी, तिच्यापुढे मोबाइलचे सिमकार्ड विकणाऱ्याची छत्री. म्हणून बस रस्त्याच्या मधल्या मार्गिकेत थांबते आणि आम्ही रिक्षांच्या फटीतून, दुचाकी चुकवत तिच्याकडे धावतो. आता यात पैसा कसा वाया जातो ते पाहा. जुन्या बसचा तळ जमिनीपासून सुमारे ९०० मिलिमीटर उंच असायचा, म्हणून गुडघे दुखणाऱ्यांना चढणे जड जाई. नव्या खालच्या तळाच्या बसमध्ये ही उंची ४०० मिलिमीटरवर आणली आहे, आणि अशा बससाठी जास्त किंमत मोजली आहे. पण तिचा उपयोग बस पदपथाला लागून उभी राहिली तरच : पदपथाची उंची वजा जाता जेमतेम एक पायरी उरते आणि चाकाची खुर्चीसुद्धा फळी टाकून आत नेता येते. बस रस्त्याच्या मध्ये थांबली की पदपथाचा आधार जातो, फळी टाकायला जागा राहत नाही, आणि लाखो रुपये जास्त देऊन घेतलेली सोय तीन रिक्षा आणि एका हातगाडीपायी फुकट जाते. बसथांब्यासमोर वाहन उभे करायला कायद्याने मनाई आहे. शाळेच्या प्रवेशद्वारापुढे किंवा मंत्र्यांच्या मार्गावर ती पाळून घेतली जाते, हेही आम्ही पाहतो.

इथवर संस्थेबद्दल लिहिले. आता आम्हा प्रवाशांबद्दल, कारण बसमधला त्रास अर्धा तरी एकमेकांनी एकमेकांना दिलेला असतो.

बस दिसताच दारावर झोंबणे, उतरणाऱ्यांना उतरू न देता आत घुसणे, याला आपल्याकडे सरसकट ‘बेशिस्त’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ते पूर्ण पटत नाही. मुंबईत बसथांब्यावर माणसे रांगेत उभी राहतात याचे आपल्याला कौतुक वाटते आणि ते मुंबईकरांच्या रक्तातच आहे असे आपण म्हणतो. रांगेला खरा आधार हा असतो, की आपला नंबर या बसमध्ये लागला नाही तरी मागून दुसरी येणार आहे. बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांहून अधिक बस होत्या; अलीकडे हा आकडा तीन हजारांच्या खाली आला आहे, आणि तिथल्याही रांगा आता बस आल्यावर मोडतात, असे मुंबईचे नातेवाईक सांगतात. पुढची बस कधी येईल, येईल की नाही, हेच ठाऊक नसलेल्या माणसाला रांग परवडत नाही. आमच्या थांब्यावर तर असे होते, की तीन बस एकदम येतात, पहिली गच्च भरलेली असते, तिचा वाहक दारातून ओरडून सांगतो, ‘मागची रिकामी आहे, मागच्या गाडीत या’. मागची बस डोळ्यांना दिसतही असते. तरी सगळे पहिलीलाच लोंबकळतात. कारण मागची बस न थांबता निघून जाईल, ही भीती अनुभवाने आलेली आहे. एसटी स्थानकात गाडी फलाटाला लागण्याआधीच खिडकीतून आसनावर रुमाल, पिशवी, प्रसंगी लहान मूल टाकून जागा धरण्याची जी कला आपल्याकडे विकसित झाली आहे, तिच्याही मुळाशी हाच अविश्वास आहे. फेऱ्या नेमाने धावू लागल्या तर यातली निम्मी धक्काबुक्की आपोआप कमी होईल, अशी माझी खात्री आहे.

उरलेली निम्मी मात्र आपलीच. तिला सेवेच्या ढिसाळपणाची सबब देता येणार नाही.

मागच्या दाराने चढावे आणि पुढच्या दाराने उतरावे, असे आमच्या बसवर दोन्हीकडे ठसठशीत लिहिलेले आहे. चढलेला प्रवासी मात्र पहिला खांब सापडला की तिथेच रुजतो. दारात पायरीवर माणसे लोंबत असताना बसच्या मधल्या भागात वर्तमानपत्र उघडून वाचता येईल एवढी जागा मोकळी असते. वाहक ‘पुढे सरका’ म्हणून घसा बसवतो आणि जो तो आपल्या पुढच्याकडे बघतो. दोघांच्या आसनावर खिडकीची जागा रिकामी ठेवून कडेला बसणारे गृहस्थ हा आणखी एक नमुना. त्यांना आत सरकायला सांगितले, की त्यांना नेहमी ‘पुढच्याच थांब्याला’ उतरायचे असते, आणि ते शेवटच्या थांब्यापर्यंत जातात. पाठीवरच्या भल्यामोठ्या पिशव्या पाठीवरच ठेवून वळणाऱ्या तरुणांना आपल्यामागे कोणाचे तरी तोंड आहे याची जाणीवच नसते; पिशवी काढून पायाशी धरली तर एका माणसाची जागा सहज होते.

मोबाइलचा आवाज हा या सगळ्यातला नवा आणि सर्वांत चिवट उपद्रव. सकाळच्या बसमध्ये एका आसनावर कीर्तन, दुसऱ्यावर शेअर बाजाराचा सल्ला, तिसऱ्यावर पंधरा-पंधरा सेकंदांचे हास्याचे फवारे आणि चौथ्यावर कोणाच्या तरी घरच्या वाटणीचे भांडण, तेही स्पीकर चालू ठेवून, असा कार्यक्रम असतो. बेस्टने एप्रिल २०२३ मध्ये बसमध्ये हेडफोनशिवाय मोबाइलवर काही ऐकण्या-पाहण्यास आणि मोठ्याने फोनवर बोलण्यास मनाई करणारी सूचना काढली. अशा सूचनेची अंमलबजावणी किती होते हा वेगळा मुद्दा. पण निदान वाहकाच्या हाती बोट दाखवायला एक पाटी आली. आमच्या शहरात तेवढीही नाही, आणि एखाद्या प्रवाशाने विनंती केलीच तर ‘तुम्हाला त्रास होतो तर स्वतःची गाडी घ्या’ हे उत्तर ठरलेले. हे उत्तर देणाऱ्यांत तरुण कमी आणि पन्नाशीचे गृहस्थ जास्त, हे माझे निरीक्षण नोंदवून ठेवते.

खिडकीतून थुंकणाऱ्यांबद्दल लिहिण्यासारखे काही उरलेले नाही. खिडक्यांखालच्या पत्र्यावर बाहेरून वाळलेले तांबडे ओघळ आहेत. बस धुतली तरी ते पुरते जात नाहीत, आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराचे काय होते ते त्यालाच ठाऊक.

महिलांच्या राखीव आसनांचा वाद रोजचा. एसटीत १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्यात प्रवास सुरू झाल्यावर ‘बायकांनीच गाड्या भरल्या’ हे वाक्य शहर बसमध्येही, जिथे ती सवलत लागूच नाही, ऐकू येऊ लागले. सवलतीच्या फरकाची भरपाई शासनाने एसटीला द्यायची असते. वाद घालायचा तर भरपाई वेळेवर मिळते का यावर घालावा, शेजारी उभ्या असलेल्या कामकरी बाईशी नव्हे. गर्दीत ‘चुकून लागलेल्या’ धक्क्यांबद्दल मी अधिक लिहीत नाही, स्त्रीवाचकांना ते सांगायला नको. इतकेच म्हणते, की अशा वेळी एखादी मुलगी आवाज चढवते तेव्हा आजूबाजूचे आठ-दहा जण एकाएकी खिडकीबाहेर बघू लागतात, हे त्या धक्क्याइतकेच लागते. खांबावर लाल आपत्कालीन बटण आहे. ते दाबल्यावर पलीकडे कोण ऐकते, हे वाहकालाही सांगता आले नाही.

आणि या सगळ्या चिडचिडीचा धनी कोण होतो, तर वाहक. फेरी रद्द करतो आगार, बस बिघडते कार्यशाळेच्या हलगर्जीने, भाडे वाढवते वरची समिती, आणि शिव्या खातो तो, कारण त्या पूर्ण साखळीत प्रवाशाला दिसणारा माणूस तो एकटाच. सकाळच्या पहिल्या फेरीला दहा रुपयांच्या तिकिटासाठी पाचशेची नोट पुढे करायची आणि सुटे नाहीत म्हटल्यावर आवाज चढवायचा, हा प्रकार मी अनेकदा पाहिला आहे. क्यूआर कोडवर पैसे देण्याची सोय झाल्यापासून सुट्यांची भांडणे कमी झाली. आता नेटवर्क नाही म्हणून होतात. दिवसाअखेर रोख रक्कम कमी भरली तर वाहकाला ती खिशातून भरावी लागते, आणि विनातिकीट प्रवासी सापडला तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १७८ नुसार प्रवाशाला ५०० रुपयांपर्यंत दंड होतोच, शिवाय वाहकाच्याही चौकशीची फाइल उघडते. महिला वाहकांची अवस्था आणखी अवघड, कारण शेवटच्या थांब्यावर बहुधा स्वच्छतागृह नसते. एका वाहक बाईंनी मला सांगितले, की ड्यूटीच्या दिवशी त्या दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत. असे असताना त्यांनी प्रत्येक प्रवाशाशी हसून बोलावे, या अपेक्षेला काही अर्थ नाही. त्यांनी थांबा पुकारावा, एवढी अपेक्षा मात्र मी सोडणार नाही. नव्या बसमधला पुकारणारा यांत्रिक आवाज दोन थांबे मागे चालतो आणि त्यामुळे परगावचा माणूस हमखास चुकीच्या चौकात उतरतो.

गाड्याच कमी आहेत, हे अधिकाऱ्यांचे म्हणणे मी नाकारत नाही. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाने शहरी वाहतुकीसाठी आखलेल्या सेवामानकांत दर हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६० बस, ही उत्तम पातळी मानली आहे, आणि राज्यातील बहुतेक शहरे तिच्या आसपासही नाहीत. २०२३ मध्ये मंजूर झालेल्या केंद्राच्या योजनेतून देशभरात १०,००० विजेवरच्या बस यायच्या आहेत. त्यांतल्या आमच्या वाट्याला येतील तेव्हा आनंदच आहे. परंतु प्रत्येक तक्रारीला ‘नव्या गाड्या आल्या की’ असे उत्तर देऊन आजचा दिवस ढकलण्याची सवय लागली आहे, आणि मी वर जे लिहिले त्यातल्या बहुतेक गोष्टींना नवी गाडी लागत नाही. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एसटी धावली, त्यानंतरच्या कैक वर्षांत गाड्या थोड्या होत्या आणि रस्ते भयंकर होते. तरी गावात मुक्कामी गाडी आली की किती वाजले ते घड्याळ न बघता कळायचे, असे आमच्या घरातली वडीलधारी माणसे सांगत. त्यात थोडी स्मरणरंजनाची भर असणार, हे धरूनही त्यांना गाडीचा भरवसा होता हे खरे.

म्हणून माझे मागणे लहान आहे. फेरी रद्द झाली, की वहीतल्या त्या लाल रेघेबरोबरच ती ॲपमधूनही काढून टाकावी आणि सुरुवातीच्या स्थानकात केबिनबाहेर फळ्यावर खडूने लिहावी. इलेक्ट्रॉनिक फलकाची निविदा निघेपर्यंत थांबू नये. मार्गाच्या मध्यावर दोन बसमधले अंतर राखणारा माणूस पुन्हा नेमावा. ठेकेदाराचे बिल मंजूर करताना धावलेल्या किलोमीटरबरोबर चुकवलेले थांबेही मोजावेत. जागेची नोंद यंत्रात असते, ती काढून बघण्याचेच काम आहे. आणि थांब्यासमोरच्या रिक्षा हटवण्यासाठी वाहतूक पोलिसांनी गर्दीच्या दोन-तीन तासांपुरता एक माणूस दिला, तरी पुष्कळ होईल.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती आहे. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार सार्वजनिक संस्थांनी आपल्या कामकाजाची माहिती कोणी मागण्याची वाट न पाहता स्वतःहून प्रसिद्ध करायची असते. त्याच्या आधारे आपण परिवहन संस्थेकडून आदल्या दिवशी रद्द झालेल्या फेऱ्यांची आगारवार संख्या रोज मागवून घ्यावी आणि छापावी. संस्थेने आकडे दिले नाहीत, तर ‘आकडे मिळाले नाहीत’ असे छापावे. सोन्याचा भाव आणि धरणांतला पाणीसाठा आपण नेमाने देताच. त्याच चौकटीखाली चार ओळींची जागा पुरेल.

आपली,
एक पासधारक प्रवासी